साखर नको म्हणणाऱ्या बायका



जानेवारीत माझी भाची लेस्टरहून आली, ती बॅगेत साड्यांच्या घड्यांमध्ये लपेटून एक तीन मजली स्टँड घेऊन. खाली मोठी बशी, वर मधली, सगळ्यात वर छोटी, आणि धरायला पितळी कडी. म्हणाली, "मावशी, तुझ्या स्वाध्यायाच्या बायकांना एकदा विलायती दुपारचा चहा देऊया." सहा वर्षं ती तिथे आहे. तिकडे डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या आपल्या लोकांचं संध्याकाळचं जेवण म्हणजे वेळेने बघितलं तर इंग्रजांचा दुपारचा चहाच, असं ती हसत सांगते.

मंगळवार ठरला, वेळ साडेतीनची. आता आपल्या स्वयंपाकघरात विलायती चहा करायचा म्हणजे काय काय गळतं ते तुम्हाला सांगायला नको. अंडं नाही. लोणी नाही. यीस्टचा पाव सासूबाईंना चालत नाही. काकडीचं सँडविच म्हणजे या चहाचा मानबिंदू, म्हणून घडीच्या पोळीच्या गुंडाळ्यांत काकडी आणि हिरवी चटणी भरली. स्कोन दह्यात भिजवून केले, बरोबर साय आणि त्याच सकाळी केलेला अननसाचा मुरांबा. भाची म्हणाली, इंग्रज बघतील तर रडतील. पण खालून वर खात जायचं, तिखटापासून गोडाकडे, हे तिने सगळ्यांना शिकवलं. आणि हो, हॉटेलवाले ज्याला 'हाय टी' म्हणून मोठ्या थाटात विकतात, तो मुळात कामगारांचा, दमून घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर बसून पोटभर खायचा चहा. आपला हा तो नव्हे.

चहा ओतायचा मान घरच्या बाईचा. किटली माझ्या हातात, साखरेचं भांडं भाचीच्या. ती प्रत्येकीला विचारत आली, "एक की दोन?" सासूबाईंपाशी आली तेव्हा त्यांनी कपावर हात ठेवला. मंगळवारी त्यांचा गोडाचा त्याग असतो. चाळीस वर्षं मी हे बघतेय, त्यामुळे माझं लक्षही गेलं नसतं. पण भाची थांबली आणि म्हणाली, "आजी, आमच्या लेस्टरमध्ये दोनशे वर्षांपूर्वी बायका असाच कपावर हात ठेवायच्या."

सासूबाईंनी विचारलं, "का? त्यांचा कसला नियम?"

भाचीला थोडंच माहीत होतं. बाकीचं मी नंतर दोन महिने वाचत बसले. ते आज सांगते.

चहा आणि इंग्रज ही जोडी आपल्याला सनातन वाटते, पण तशी ती नाही. १६६२ साली दुसऱ्या चार्ल्सशी पोर्तुगालच्या राजकन्येचं, कॅथरीन ऑफ ब्रॅगान्झाचं लग्न झालं. हीच ती, जिच्या हुंड्यात मुंबई गेली. तिला चहाची सवय होती आणि तिच्यामुळे दरबारी बायकांत चहाची टूम निघाली. तेव्हा तो चीनहून यायचा आणि इतका महाग होता की त्याची पेटी कुलपात असायची, किल्ली घरच्या मालकिणीकडे. १७८४ साली त्यावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला गेला, आणि मग तो गरिबांच्या घरातही शिरला. दुपारी चार-पाचच्या सुमारास चहाबरोबर खाणं मांडायच्या पद्धतीचं श्रेय दिलं जातं बेडफर्डच्या सातव्या डचेसला, ॲना मारिया रसेलला, १८४० च्या आसपास. दुपारचं हलकं खाणं आणि रात्रीचं उशिराचं जेवण यांच्यामध्ये तिच्या पोटात खड्डा पडायचा म्हणे. एवढंच कारण. डचेस असली तरी भूक ती भूक.

पण चहाबरोबर साखर आली, ती डचेसच्या कितीतरी आधी. १७०० साली ब्रिटनमध्ये माणशी वर्षाला चार पौंड, म्हणजे दोन किलोहूनही कमी साखर लागायची. १८०० पर्यंत ती अठरा पौंडांवर, आठ किलोंवर गेली. साखरेची शंकूच्या आकाराची कडक ढेप असायची, चिमट्याने तिचे तुकडे पाडायचे. चिनी मातीच्या भांड्यात ते तुकडे मांडलेले, आणि पाहुण्याला घरच्या बाईचा तोच प्रश्न, एक की दोन.

ही साखर येत होती जमैका, बार्बाडोस अशा वेस्ट इंडीजच्या बेटांवरून. तिथला ऊस लावणारे, तोडणारे, घाण्यात घालणारे आणि रात्रभर काहिलीपुढे उभे राहून रस आटवणारे सगळे आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. एकट्या ब्रिटिश जहाजांनी तीस लाखांवर माणसं अशी भरून नेली, त्यातली लाखो वाटेतच मेली. उसाच्या बेटांवर जन्मापेक्षा मरणं जास्त, म्हणून सतत नवी माणसं आणावी लागत. मी सांगली भागातली, उसाच्या मुलखातली. काहिलीपुढची धग मला ठाऊक आहे. आमच्या माहेरी गुऱ्हाळ होतं. रसाचा वास आला की आम्ही पोरं धावायचो. त्यामुळे हे वाचताना तो गोड वास नाकात येत राहिला आणि नकोसा झाला.

एप्रिल १७९१ मध्ये विल्यम विल्बरफोर्सने गुलामांचा व्यापार बंद करायचा ठराव पार्लमेंटात मांडला. तो १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स नावाच्या माणसाने एक छोटं चोपडं लिहिलं आणि मार्था गर्नी या लंडनच्या पुस्तकविक्रेत्या बाईने ते छापून विकलं. त्यात फॉक्सचं म्हणणं सरळ होतं. पार्लमेंट ऐकत नसेल तर साखर घेणं थांबवा. कारण माल विकत घेणारा गुन्ह्यातला भागीदार आहे. मळेवाला, जहाजवाला, अडत्या हे सगळे गिऱ्हाइकाने नेमलेले नोकर. त्याने हिशेबही मांडला होता. आठवड्याला पाच पौंड साखर लागणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने साखर आणि रम सोडली, तर एक माणूस गुलामीतून किंवा मरणातून वाचतो.

हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, "म्हंजे अनुमोदना की गं."

आणि मी चाट पडले. आम्ही स्वाध्यायात तेव्हा रत्नकरंड श्रावकाचारच वाचत होतो. कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलेली हिंसा, दुसऱ्याकडून करवलेली हिंसा, आणि दुसऱ्याने केलेल्या हिंसेला दिलेली संमती. तिन्ही हिंसाच. पाठ आहे आपल्याला, लहानपणापासून. पण माझ्यापुरती कबुली देते: अनुमोदना म्हणजे मनात बरं वाटणं, 'छान झालं' म्हणणं, इतकंच मी समजत होते. वाण्याच्या दुकानात पैसे मोजणं ही अनुमोदना असू शकते आणि तिला किलोचा हिशेब असू शकतो, हे मला लंडनच्या एका चोपड्याने सांगावं?

ते चोपडं तुफान गेलं, काही महिन्यांत सत्तर हजारांच्या आसपास प्रती. टॉमस क्लार्कसन तेव्हा गावोगाव घोड्यावर फिरून पुरावे गोळा करत होता. त्याचा अंदाज असा, की तीन लाख माणसांनी साखर सोडली. यात बायकांचं बळ मोठं होतं. त्यांना मत नव्हतं. पार्लमेंटचं दार बंद, पण घरात साखर आणायची की नाही आणि चहाच्या टेबलावर भांडं मांडायचं की नाही, हे त्यांच्याच हातात. थट्टाही झाली. मार्च १७९२ मध्ये जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने खुद्द राजाराणीला बिनसाखरेचा चहा पिताना काढलं. राणी शार्लट तोंडं वाकडी केलेल्या राजकन्यांना समजावते आहे की गरीब गुलामांचा विचार करा, शिवाय तुमच्या बाबांचा खर्चही वाचेल. काटकसरीचा तो टोला बघून मला आमच्या घरातलेच काही संवाद आठवले, पण ते जाऊ दे.

१७९२ च्या वसंतात ५१९ अर्ज पार्लमेंटात आले. या वेळी ठराव २३० विरुद्ध ८५ मतांनी झाला, पण आत 'हळूहळू' हा शब्द घालून. मग फ्रान्सशी युद्ध सुरू झालं आणि सगळं मागे पडलं. माणसांचा व्यापार बंद व्हायला १८०७ उजाडलं. आणि व्यापार बंद झाला तरी जे आधीच गुलाम होते ते गुलामच राहिले.

इथे लेस्टर येतं. १७६९ मध्ये त्या गावात एका कापड कारखानदाराच्या घरी एलिझाबेथ जन्मली. हेरिक घराण्यात लग्न झालं, नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. ती क्वेकर पंथात गेली आणि उरलेलं आयुष्य तिने तुरुंग, गरिबी, मुकी जनावरं यांच्यासाठी घातलं. डर्बीशरमधल्या बॉन्सल गावात बैलावर कुत्री सोडायचा खेळ होणार होता, तर हिने तो बैलच विकत घेऊन टाकला! आपल्याकडची एखादी आजी बाजारातून बोकड सोडवून आणते, तसं.

१८२४ साली तिने स्वतःचं चोपडं काढलं, नावावाचून. तोवर विल्बरफोर्ससारखे थोर पुरुषसुद्धा 'हळूहळू गुलामी संपवू' म्हणत होते. हिने लिहिलं, हळूहळू नाही, आत्ता. चोरीचा माल सावकाश परत करीन असं कोण म्हणतं? (हे शब्द माझे, रोख तिचा.) आणि ती नुसती लिहीत बसली नाही. सुझॅना वॉट्स नावाची तिची मैत्रीण होती. त्या दोघी आणि त्यांच्या साथीदारणी लेस्टरमध्ये दारोदार गेल्या, किराणा दुकानदारांना भेटल्या, वेस्ट इंडीजची साखर ठेवू नका म्हणून विनवलं. बर्मिंगहॅममध्ये १८२५ साली बायकांची संस्था निघाली, मग गावोगाव निघाल्या. त्या रेशमी पिशव्या शिवत, आत पत्रकं घालून घरोघर देत. बायकांनी असं दारोदार फिरणं विल्बरफोर्सला पसंत नव्हतं. त्यांच्या स्वभावाला ते शोभत नाही, असं त्याचं मत. चांगल्या माणसांचंही बायकांविषयी काय काय मत असतं!

याच सुमारास चहाच्या टेबलावर एक नवी वस्तू आली. साखरेचं भांडं, वर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, की ही साखर ईस्ट इंडियाची, गुलामांनी न केलेली. काहींवर हिशेबही असे: सहा कुटुंबांनी ही साखर घेतली की एक गुलाम कमी लागतो. अशी भांडी आज ब्रिटनच्या संग्रहालयांत ठेवलेली आहेत. पाहुणी आली, भांडं पुढे केलं, तिने वाचलं, बोलणं सुरू झालं. काही मिठाई न बोलता सुद्धा बोलते ना, तसं.

बायकांच्या संस्थांचा पैसा मुख्य संस्थेला मोठा आधार होता. १८३० मध्ये बर्मिंगहॅमच्या बायकांनी सांगितलं, नावातला 'हळूहळू' काढा, नाहीतर पैसे बंद. काढला! एलिझाबेथ हेरिक १८३१ मध्ये गेली. कायदा झाला १८३३ मध्ये, तिला तो दिसला नाही. त्या कायद्याने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली, ती मालकांना. ज्यांनी ऊस तोडला त्यांना काही नाही. उलट १८३८ पर्यंत 'उमेदवारी' या नावाखाली त्याच मालकाकडे राबायला लावलं.

इथवर वाचून मी खूश होते. वाटलं, झकास गोष्ट आहे, पुढच्या स्वाध्यायात सांगू. मग दुसरी बाजू पुढे आली.

ती ईस्ट इंडियाची साखर म्हणजे आपल्याकडची, मुख्यतः बंगाल आणि बनारसकडची. गुलामांनी न केलेली, असं भांड्यावर लिहिलेलं. पण गुलामी आपल्याकडेही होती, कंपनी सरकारच्या कायद्याने तिची मान्यता काढली ती १८४३ मध्ये. आणि साखरेचा हिशेब मांडणाऱ्या टेबलावर त्याच कपातला चहा होता. चीनला चहाचे पैसे चांदीत द्यावे लागत, ते परवडेना, म्हणून कंपनीने बिहार-बनारसला अफू पिकवली आणि ती चीनमध्ये जाऊ दिली. डचेसच्या पोटात खड्डा पडत होता, त्याच वर्षांत, १८३९ ते १८४२, अफूवरून चीनशी युद्ध चालू होतं.

माळव्याची अफू जायची मुंबईहून. त्या व्यापारात जमशेटजी जीजीभॉय होते, तसेच त्यांचे भागीदार मोतीचंद अमीचंद. हेच आपले मोतीशा शेठ. भायखळ्याचं आदीश्वराचं मंदिर त्यांचं, शत्रुंजयावरची मोतीशा टूंक त्यांची. मी भायखळ्याला दर्शन घेतलंय, तिथली शांतता मला अजून आठवते. हे लिहू की नको म्हणून दोन दिवस थांबले. मग वाटलं, इंग्रज बायकांनी आपल्या कपात डोकावलं ते मी इतक्या कौतुकाने सांगते, आणि आपल्या कपाशी येऊन थांबते, हे बरं नव्हे. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपणारे आपण. चिनी माणूस लांब होता, दिसत नव्हता.

चीनचा चहा मागे पडून आसामचा आला. त्याच्या पहिल्या आठ पेट्या लंडनला लिलावात विकल्या गेल्या १८३९ मध्ये. तिथल्या मळ्यांतले मजूर कराराने बांधलेले. १८६५ च्या कायद्याने तर मजूर पळाला की मळेवाल्याला त्याला स्वतः पकडता येत असे. कुठलंही भांडं उघडा, आत कोणीतरी आहे.

सासूबाईंना मी विचारलं, "आई, तुम्ही मंगळवारी साखर सोडता, ती कशासाठी?" त्या म्हणाल्या, "जिभेसाठी. रसत्याग हे तप आहे. त्यानं कर्म झडतात." मग थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, "त्या बायांनी दुसऱ्यासाठी सोडली. ते बी बरंच हाय. पण आपली साखर कोण करतं, हे मला कुणी विचारलंच न्हाई कधी."

आपली साखर कोण करतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आमचा चार एकर ऊस आहे. दरवर्षी गळीत हंगामात बीडकडची टोळी येते. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता. रानाच्या कडेला पाचटाच्या कोप्या पडतात. एक दिवस खाडा झाला तर दंड. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हेही त्यामागचं एक कारण. ही बातमी मी तेव्हा पेपरात वाचली होती. वाचून पेपर घडी घालून ठेवला होता, आणि चहा प्यायले होते.

फेब्रुवारीत आमच्या उसाला तोड आली. एका दुपारी मी कोप्यांकडे गेले. आजवर गेले नव्हते असं नाही, पण बांधावर उभी राहून विचारपूस करून परत यायची. त्या दिवशी आत बसले. तिथल्या बाईने, माझ्या मुलीच्या वयाची असेल, तीन दगडांवर चहा ठेवला. दूध नव्हतं. पाहुणी म्हणून साखर मात्र मूठभर टाकली. पाणी गाळलेलं नव्हतं. माझ्या मनात ते आलं, खोटं कशाला सांगू. मी प्यायले.

उचल किती घेतली, असं मी विचारलं. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग आकडा सांगितला. मुकादम हिशेब दाखवतो का, विचारलं, तर हसली.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. न गाळलेल्या पाण्याबद्दल त्यांनी मला एक माळ जपायला सांगितली. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी तिलाच बोलव की चहाला. त्या तीन मजली बशीवर." तो आकडा मी घरखर्चाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे. खाली साखरेचं महिन्याचं वजनही लिहिलं आहे, साडेचार किलो. फॉक्ससारखं त्या दोन आकड्यांमध्ये काय मांडायचं, ते मला अजून जमलेलं नाही.